बेंचमार्क खचत नसतो

नवी मुंबईत नेरुळला, सारसोळे गावाजवळ, खाडीत भराव टाकून उभ्या केलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सर्वेक्षणाचे प्रात्यक्षिक दरवर्षी कँटीनमध्ये होते. पद्धत जुनी आणि निर्दोष आहे. मुख्य इमारतीच्या पायरीवर एक पिवळा ठिपका आहे. त्याला बेंचमार्क म्हणतात. त्याची उंची कायमची ठरलेली. बाकी दुनिया त्याच्यावरून मोजायची. पायरी बाहेरच्या रस्त्यापेक्षा दोन फूट उंच, हे उत्तर सीनियर देतात. मग वडापाव खात खात त्या उत्तरावरून उलटी रीडिंगे काढायची. चूक निघायचा प्रश्नच नाही, आणि उपकरणही कपाटात सुखरूप राहते.

घोळ घातला तो जाईने. तशी पोरगी सरळ. शेवटचे वर्ष, एका बिल्डरकडे नोकरी ठरलेली, आईचे ऐरोलीच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटून झालेले. फक्त सर्व्हेची केटी, म्हणजे मागच्या वर्षीचा नापास विषय, राहिली होती. ती सुटली तर नोकरी, नाहीतर पेढे फुकट. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी नेमके कँटीन बंद! बसायला जागा नाही, म्हणून वेळ घालवायला तिने कपाटातली लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, बाहेर काढली आणि खरोखरच मोजले.

उत्तर आले ते भलतेच. रस्ताच पायरीपेक्षा चार बोटे उंच. तिने पुन्हा मोजले. मग उपकरण बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. खरेच की! लोक महाविद्यालयात चढत नव्हते, उतरत होते. तिने तडक सर्व्हे शिकवणाऱ्या घाटगे सरांना गाठले.

"सर, आपली बिल्डिंग खचलीय."

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "बेंचमार्क खचू शकतो का?"

"व्याख्येप्रमाणे नाही सर, पण ही पायरी—"

"बेंचमार्क पायरीवर आहे. बेंचमार्क स्थिर असतो. म्हणजे पायरी स्थिर आहे. मग हललं कोण?"

"रस्ता?" जाई पुटपुटली.

"शाब्बास! रस्ता वर आलाय. रिपोर्टात तसं लिही. टर्मवर्कवर सही लगेच, केटी सुटली समज."

"सर, पण आत मुलं बसतात हो!"

"म्हणूनच म्हणतो, त्यांना घाबरवू नकोस."

रस्ता वर आला म्हटल्यावर विभाग खडबडून जागा झाला. समिती नेमली गेली. समितीने पाहणी केली, तर रस्त्याबरोबर रिक्षा स्टँड, दोन नारळ आणि देवजीची चहाची टपरीही वर आलेली. महापालिकेला जाब विचारणे अवघड आणि नारळांना विचारणे त्याहून अवघड. तेव्हा विनापरवाना उंची वाढवल्याची नोटीस देवजीला बजावण्यात आली.

देवजी सारसोळ्याचा. टपरीवरून हललेला माणूस नव्हे. तो नोटीस घेऊन धावतच आला. "साहेब, मी तं सकालपासून स्टुलावर बसूनच हाय! वर कवा गेलो?"

"हळूहळू होतं ते. तुम्हाला जाणवणार नाही," सर समजुतीने म्हणाले.

"मंग तुमीच खाली गेले नसाल कशावरून?"

"आमच्याकडे बेंचमार्क आहे. तुमच्याकडे आहे का?"

देवजीकडे बेंचमार्क नव्हता. गरिबाकडे कुठला असायला! त्याने स्टूल काढून टाकले आणि जमिनीवर बसून चहा विकू लागला. अनुपालन झाल्याची नोंद समितीने समाधानाने केली.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा सबंध नेरुळ वर चालल्याचे निष्पन्न झाले होते. त्यावर शोधनिबंधही निघाला. तळमजल्याला तळघर म्हणायचे ठरले आणि तळघर असल्याबद्दल महाविद्यालयाच्या मूल्यांकनात जास्तीचे गुण मिळाले. पुढे तिथे गुडघाभर पाणी साचले, तेव्हा दारावर 'जलशास्त्र प्रयोगशाळा' अशी पाटी लागली. मुले पँट दुमडून व्याख्यानाला बसू लागली. उपस्थिती सक्तीचीच होती.

जाईचा रिपोर्ट मात्र अजून कोरा होता. लिहायला बसली की भिंतीतल्या भेगा डोळ्यांसमोर यायच्या. घरी पाऊल टाकले की आई विचारायची, "झाली का गं सही? खालच्या वैजयंतीकाकू रोज विचारतात." एके दिवशी ती खूप रडली. मग तोंड धुतले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: रस्ता वर आला आहे.

"अक्षर छान आहे हो," घाटगे सर म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

केटी सुटली. जाई नोकरीला लागली. भरावावरचे टॉवर खचतात की काय, हे मोजायचे काम तिच्याकडे आहे. आजवर एकही टॉवर खचलेला नाही. बेंचमार्क ती टॉवरच्याच पायरीवर घालते. साहेब खूश आहेत. फ्लॅटचे ताबे वेळेवर दिले जातात.

तेव्हा मंडळी, हल्ली तुमच्या बेडरूमचे दार नीट लागत नसेल, किंवा गॅलरीतून समोरची सोसायटी जरा उंच वाटत असेल, तर उगाच टेन्शन घेऊ नका. खाली जाऊन पायरीवरचा पिवळा ठिपका बघून या. तुम्ही होता तिथेच आहात. समोरचेच वर गेलेत.