पेअरच्या झाडावरची फुली

आठ दिवस झाले, चित्रकार होल्बेक मारेनकाकूंच्या कुंपणापाशी स्टूल टाकून बसत होते. पण रंगाला हात लावतील तर शपथ! नुसता कागद आणि पेन्सिल. अख्ख्या गावाला चैन पडेना, शेजारच्या लाउरिट्सला तर मुळीच नाही. होल्बेक काकूंकडे कॉफीला गेले, तशी त्याने स्टुलावरची वही हळूच उघडली.

पहिल्या पानावर गाव होतं तसंच. दुसऱ्यावर गवताची गंजी डावीकडे सरकलेली, चर्च जवळ आलेलं. तिसऱ्यावर उभ्याआडव्या रेघांचे चौकोन, आणि काकूंच्या पेअरच्या झाडावर ठसठशीत फुली! ह्याच झाडाची सावली वीस वर्षं लाउरिट्सच्या बटाट्यांवर पडत होती. तो तडक करवत घेऊन आला.

"अरे मेल्या, काय करतोस?" काकू धावत आल्या. नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड ते. तो गेला, झाड तेवढं उरलं.

"मी कुठे काय करतोय? मोजणीच्या नकाशातच फुली आहे!"

"कसली मोजणी?" होल्बेक कप हातात घेऊनच पळत आले. "चौकोन हे चित्र मोठ्या कॅनव्हासवर उतरवायला आहेत. रंगवण्याआधी कुठे काय शोभतं ते मी कागदावर हलवून बघतो. झाडामागे चर्च झाकलं जातं, म्हणून झाड काढलं. चित्रातून हो, फक्त चित्रातून!"

"म्हणजे झाड नकोच ना? शिकलेला माणूस सांगतोय." लाउरिट्सने करवत खोडाला टेकवली.

काकूंचे डोळे भरून आले. "माझीच कॉफी पिऊन माझ्याच झाडाच्या मुळावर उठलात होय?"

होल्बेक बिचारे खिशात खोडरबर चाचपू लागले. काकू डोळे पुसून वहीत डोकावल्या. "आणि ही ह्याची डुकरांची नवी शेड? ही शोभते?"

"खरं सांगू? मध्येच येते."

काकूंनी पेन्सिल हिसकावून शेडवर दुप्पट मोठी फुली मारली. मग त्या आत गेल्या आणि कुऱ्हाड घेऊन आल्या. "शिकलेला माणूस सांगतोय!"

लाउरिट्सने करवत पाठीमागे लपवली. "होल्बेकसाहेब, खोडरबर कुठे पडला हो? मी शोधू का?"

दोन्ही फुल्या खोडल्या गेल्या. आता ते चित्र गावच्या सभागृहात लागलंय. त्यात झाड आहे, शेड आहे, चर्चचं मात्र जेमतेम टोक दिसतं.

परवा पाद्रीबाबा लाउरिट्सच्या दारात आले. "जरा करवत देतोस का रे?"

"करवत?" लाउरिट्स म्हणाला. "छे हो, माझ्याकडे कुठली आलीय करवत!"