टेकाडे काकाजींची पंगत

आमच्या वरच्या मजल्यावरचे टेकाडे काकाजी मेल पाहायला बसण्याआधी हातपाय धुतात. नुसते हात नाही, हातपाय. मग दुपट्ट्याला हात पुसतात, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसतात आणि स्क्रीनकडे पाहून म्हणतात, ‘‘हं, चालू द्या, सावकाश होऊ द्या.’’ मी पहिल्यांदा हे पाहिलं आणि फिस्सकन हसले, तर माझ्यावरच डाफरले. ‘‘लोकं पानावर बसून राहिले अन् आपन धुळीच्या पायानं मधातून हिंडाचं? काय वो माय, काही रीतभात हाय का नाई?’’

लोकं म्हणजे त्यांच्या मेलमधले फोल्डर.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा चळला. काकाजी चळलेले नाहीत, फक्त हट्टी आहेत. जन्मभर त्यांनी एका बियाण्याच्या कंपनीत कारकुनी केली, आधी अकोल्याला, मग इथे अमरावतीला. पण ती पोटापुरती. खरं काम लग्नातल्या पंगती बसवण्याचं. नांदगाव खंडेश्वरपासून मोर्शीपर्यंत नात्यागोत्यात कुठेही लग्न निघालं की दुपट्टा कमरेला बांधून काकाजी हजर. कोणत्या ओळीत व्याही, कोणत्या ओळीत जावई, कोणाचं कोणाशी वाकडं आहे म्हणून पाठीला पाठ लागू द्यायची नाही, कोणाला साखरेचा आजार आहे म्हणून बुंदीवाल्याला त्याच्यासमोर रेंगाळू द्यायचं नाही, सगळं तोंडपाठ. स्वतः जेवायचे अगदी शेवटी, वाढप्यांबरोबर, तेही भाजी उरली तर. ‘‘पंगत बसवनारा आधी पानावर बसला म्हनजे त्याचं ध्यान आपल्या भाताकडं जाते,’’ हे त्यांचं म्हणणं.

आणि बुलावा! आमच्याकडे नुसत्या पत्रिकेवर मानी माणूस जेवायला येत नाही. पानं मांडली की कोणीतरी घरी जाऊन म्हणावं लागतं, ‘चाला जेवाले, पानं मांडली.’ तेव्हा तो चपला घालतो. काकाजी बुलावा कधी चुकले नाहीत. रुसलेल्याकडे तर स्वतः जायचे आणि हाताला धरून आणायचे.

मग बुफे आला आणि काकाजींचं राज्य गेलं. आता लोक ताटली घेऊन रांगेत उभे राहतात. ‘‘उभ्यानं ढोरं खातात,’’ एवढं एकच काकाजी म्हणतात. तरी जातात लग्नाला. मी परवाच पाहिलं, मंगल कार्यालयाच्या एका खांबाशी उभे होते, दुपट्टा कमरेला बांधलेला, आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. एका पोरानं तर त्यांच्या हातात उष्टी ताटली दिली. मला फार वाईट वाटलं, पण जवळ जाऊन काय बोलणार?

तर हातचं काम गेल्यावर काकाजींनी पंगत मेलमध्ये मांडली. हापिसात असतानाच त्यांना मेलचा नाद लागला होता, आणि निवृत्त झाल्यावरही ते हापिसचंच खातं वापरत होते, कोणी बंद केलं नव्हतं. एकेका माणसाचा एकेक फोल्डर. नवा फोल्डर बनवला म्हणजे ‘पानावर बसवलं’. जावयाचा सगळ्यांत वर. ज्या साहेबानं त्यांची बढती अडवली, त्याचा सगळ्यांत खाली, ‘‘उष्ट्याच्या बादलीपाशी’’. नको असलेल्या जाहिराती जिथे जाऊन पडतात त्या जागेला ते ‘मांडवाभाईरचे’ म्हणतात, आणि त्याही रोज वाचतात. ‘‘आवतन नाई, पन आला हाय ना बिचारा लांबून.’’ एका परदेशी राजपुत्राला त्यांनी ‘पैसे नकोत, तब्येत सांभाळा’ असं उत्तरही पाठवलं होतं.

गंमत इथवरच. त्या पंगतीतले निम्मेअधिक लोक वारलेले आहेत. राहिलेले व्हॉट्सॲपवर सकाळी फुलं पाठवतात, मेल कोणी करत नाही. मी एकदा म्हटलं, ‘‘काकाजी, गेलेल्यांचे फोल्डर तरी काढून टाकू का?’’ तर म्हणाले, ‘‘जेवन झालं म्हनून काय झालं? पंगत उठल्याबिगर कोनी उठत नसते.’’

मागच्या महिन्यात काकाजी जिना उतरून माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. मी पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रॅमिंगचं काम घरूनच करते, त्यामुळे कॉलनीतल्या प्रत्येकाचा बिघडलेला फोन माझ्या दारात येतो. मला वाटलं तसलंच काही असेल. पण काकाजींच्या जुन्या कंपनीला त्यांचं मेलचं खातं आठवलं होतं. महिनाअखेरीस बंद, काय हवं ते आधी काढून घ्या, असा निरोप आला होता.

‘‘चालती पंगत उठवून राहिले बेटा,’’ काकाजी म्हणाले. ‘‘आता काय करू?’’

मी म्हटलं, उठवायची नाही, दुसऱ्या मांडवात हलवू. नवीन खातं उघडून दिलं. शेकड्यानं फोल्डर हातानं कोण हलवत बसेल? प्रोग्रॅम लिहायचं ठरवलं. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे, दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली बारीकसारीक कामं. फोल्डर बनव, नाव बदल, इथली मेल तिथे ने, पुसून टाक. आपण फक्त हुकूम सोडायचे. काकाजींना हे चटकन पटलं.

‘‘म्हनजे हे तुये वाढपी!’’

‘‘असंच समजा.’’

‘‘हा एक पान मांडते, हा वाढते, अन् हा पुसनारा म्हनजे पत्रावळी उचलनारा. त्याले आताच आत घेऊ नको बापा. ह्या लोकाइले लय घाई असते.’’

खरं सांगते, आमच्या कंपनीतल्या कोणत्याही साहेबानं मला इतका शहाणा सल्ला दिलेला नाही. पुसण्याचा हुकूम मी लिहिलाच नाही.

आधी चार-पाच फोल्डर हलवून पाहिले, आणि भांडण झालं ते ओळीवरून. नव्या खात्यात फोल्डर बाराखडीनं लागतात, त्यामुळे कोहळे नावाचा कोणी खत-दुकानदार जावयाच्या वर जाऊन बसला. काकाजी ताडकन उठले. मी म्हटलं, नावाआधी नंबर टाकू, हवी तशी ओळ लागेल. ‘‘मानसाले नंबर? जेल हाय का ते?’’ दोन दिवस आले नाहीत. शेवटी मीच वर जाऊन तोड काढली, नंबर नको, अक्षर टाकू. अ ओळ जावयाची, आ ओळ व्याह्यांची. अक्षर चाललं. काकूंनी चहा टाकला आणि मला हळूच म्हणाल्या, ‘‘मले कोन्या ओळीत बसवलं ते इचार ना जरा.’’ काकूंचा फोल्डर नव्हताच. ‘‘घरची बाई पंगतीत कशी बसन? आमी दोघं मांगून बसू,’’ काकाजी म्हणाले. काकूंनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चालवला. काकाजी हातपाय धुऊन शेजारी बसले. एकेक नाव नव्या खात्यात उतरत होतं आणि ते प्रत्येकाला ‘या, बसा’ म्हणत होते. मला कामाची घाई होती, पण त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. सगळं संपलं तशी त्यांनी वरून खालपर्यंत नजर फिरवली. पंगतीत एक पान कमी असलं तर दारातूनच कळायचं त्यांना, तसंच झालं.

‘‘मधुकरचं पान कोनं उचललं?’’

मी जुन्या खात्यात पाहिलं. ‘मधुकर’ नावाचा फोल्डर होता, अगदी जावयाच्या शेजारी. आत एकही मेल नव्हती. रिकामे फोल्डर हलवायचे नाहीत असा नियम प्रोग्रॅममध्ये होता, सगळेच लिहितात तो. मी म्हटलं, ‘‘काकाजी, त्याच्यात काहीच नाही. रिकामा आहे.’’

‘‘रिकामं कसं? वाट पाहून राहिलो ना मी!’’ इतक्या मोठ्यानं ओरडले की काकू आतून धावत आल्या. काकाजी तसेच उठून गच्चीवर गेले.

मग काकूंनी सांगितलं. मधुकर म्हणजे काकाजींचा धाकटा भाऊ, अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो, भाजीचा ठोक व्यापार होता. त्याच्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नात काकाजी पहाटेच दुपट्टा बांधून पोचले, तर मांडवात बुफे. मुलाकडच्यांनी तसंच मागितलं होतं, मधुकरकाका तरी काय करणार? पण सांगायचं राहिलं. सख्ख्या पुतणीचं लग्न आणि आपल्याला पंगत नाही, हे काकाजींना सोसलं नाही. उपाशी निघाले. मधुकरकाका मांडवाच्या दारापर्यंत मागे आले, हात धरला. काकाजींनी हात झटकला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘काही बोलाचं असन त हापिसच्या मेलवर लिवजो!’’

‘‘दारात उभ्या भावाले मेलवर लिव म्हंते! हा काय मानूस हाय का?’’ काकू म्हणाल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. ‘‘त्या रात्रीच यायनं त्याचा फोल्डर बनवला. तवापासून रोज सकाळी उघडून पाह्यते. भाजीवाला मानूस तो, त्याले मेल काय समजते?’’

मी गच्चीवर गेले. काकाजी टाकीला टेकून उभे होते.

‘‘फोल्डर आणून देते मी,’’ मी म्हटलं. ‘‘पण एक सांगू? मधुकरकाकांना माहीत आहे तो जुना पत्ता. महिनाअखेरीनंतर त्या पत्त्यावर कोणी लिहिलं तर पोचणार नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘परत जाईल.’’

‘‘मांडवाच्या दारातून परत,’’ काकाजी पुटपुटले.

‘‘फोन का नाही करत तुमी?’’

‘‘मी फोन केला त मी वाकलो असं होते. त्याची मेल आली त तो आला असं होते.’’

मला रागच आला. इतकी वर्षं, एवढ्याशासाठी! मी ताडताड बोलून गेले, ‘‘काकाजी, जिंदगीभर तुमी लोकाइच्या पंगती बसवल्या. पान मांडून नुसते बसले कधी? मधुकरकाकाइले बुलावा द्याले कोन गेलं होतं?’’

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग टाकीची तोटी उगाच घट्ट करत राहिले, ती गळत नव्हती तरी.

चारेक दिवसांनी सकाळीच दारात उभे. पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर धुतलेला दुपट्टा. ‘‘बेटा, अकोल्याले येतं का?’’

‘‘मी काहून?’’

‘‘नव्या मेलचा पत्ता सांगा लागन ना त्याले. तुले बरोबर सांगता येते.’’ खोटं बोलताना काकाजी जमिनीकडे पाहतात. मी सुट्टी टाकली.

एसटीत मूर्तिजापूरपर्यंत काकाजी मैलाचे दगड मोजत राहिले. मग म्हणाले, ‘‘गेल्या गेल्या काय म्हनू?’’ मी म्हटलं, नेहमी काय म्हणता? ते मान हलवून खिडकीबाहेर पाहू लागले. अकोल्याला मोर्णा नदीचा पूल ओलांडताना त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढला, घडी केली, पुन्हा टाकला.

दार वैशालीनं उघडलं, तीच ती पुतणी. आता वडिलांना सांभाळायला माहेरीच येऊन राहिलेली. काकाजींना पाहून ती एकदम रडायला लागली. ‘‘मोठे बाबा, लय उशीर केला तुमी,’’ एवढंच म्हणाली. मला वाटलं, सगळं संपलं. पण मधुकरकाका होते. आतल्या खोलीत सतरंजीवर बसलेले, अंगानं पार वाळलेले, समोर ताट, त्यात वरण-भात आणि वांग्याची भाजी.

काकाजी उंबऱ्यात उभे राहिले. घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘मधुकर, चाल बापा. पान मांडलं हाय.’’

मधुकरकाकांनी वर पाहिलं. ओळख काही लागली नाही. पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला. ‘‘या, बसा. तुमी कोनाकडले?’’

वैशाली हळूच म्हणाली, ‘‘वर्ष झालं, कोनालेच ओळखत नाहीत. मले बी नाई.’’

काकाजींनी भिंतीला हात लावला. ‘‘पोरीकडला,’’ ते म्हणाले.

‘‘बरं झालं भेटले. आमचा दादा जेवला का हो? पाहाल का जरा? मांडवातून उपाशी गेला तो.’’

‘‘रोजचं हाय हे,’’ वैशाली म्हणाली. ‘‘ताट पुढं आलं की पयले हेच इचारतात. जेवला म्हनलं तरी पटत नाई.’’

काकाजी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. ‘‘जेवला,’’ ते म्हणाले. ‘‘मी सोता त्याले हाताले धरून पानावर बसवलं. पोटभर जेवला तो.’’

‘‘बुंदी घेतली त्यानं?’’

‘‘दोनदा घेतली.’’

मधुकरकाकांचा चेहरा सैल झाला. त्यांनी भात कालवायला घेतला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून हात थांबवला. ‘‘अन् तुमी? तुमी नाई बसले?’’

काकाजींनी मागे वळून वैशालीकडे पाहिलं. ‘‘माह्यं बी पान मांड बेटा,’’ म्हणाले. मग उठले, मोरीवर जाऊन हातपाय धुतले, दुपट्ट्याला पुसले आणि भावाच्या शेजारी मांडी घालून बसले.

नव्या मेलचा पत्ता सांगायचा राहूनच गेला. मी आणि वैशालीनं वाढलं. दर दोन घासांनी मधुकरकाका थांबून तेच विचारत होते, दादा जेवला का, आणि दर खेपेला काकाजी तोंडातला घास गिळून ‘जेवला’ म्हणत होते.