गुरुलिंगअप्पा झोपायला शिकतात

आमच्या गल्लीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा आणि स्टीलचा डबा फिरवून बघा. 'चि. मंगल हिस मामाकडून सप्रेम भे' असं काहीतरी अर्धवट कोरलेलं सापडेल. 'भे'च्या पुढे 'ट' नाही, नुसती रेघ आहे. ती डब्याच्या पोटावरून तिरकी खाली उतरते आणि बुडाशी जाऊन संपते. रेघ सुरू होते तिथे गुरुलिंगअप्पांना झोप लागलेली असते.

अप्पा आमचे शेजारी. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आणि नाव टाकायचं मशीन ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. मशीन घर्र करायचं आणि त्याच्या वर अप्पा घर्र करायचे. गिऱ्हाईक घसा खाकरायचं. अप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "ऐकून राहिलो, ऐकून राहिलो, बोला." हे त्यांचं पेटंट वाक्य. सांत्वनाला गेले की तिथेही तेच. एकदा एका बाईंनी नवरा कसा गेला ते सगळं सांगून संपवलं, तेव्हा अप्पा दचकून म्हणाले, "मग पुढं काय झालं?"

लोक हसायचे. म्हणायचे, माणूस सुखी आहे, बसल्या जागी झोप लागते. हे धादांत खोटं आहे आणि मी ते इथे ठणकावून सांगते. मी चळवळीतली मुलगी. पत्रकं लिहिणं, वाटणं आणि आत सरकवलेलं पत्रक दारातून परत बाहेर आलं तर पुन्हा आत सरकवणं, हे माझं काम. अप्पा मला 'मोर्चा' म्हणतात. "काय मोर्चा, आज कुणाचं तोंड बंद करून राहिलीस?" अशी रोजची चौकशी. घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, ही आपल्या समाजाची एक लाडकी अंधश्रद्धा आहे. लिंबू-मिरचीवर बोलणारे आम्ही लोकसुद्धा हिच्यावर कधी बोललो नाही.

या झोपेत विनोद होता तो बारशापर्यंत. अप्पांची एकुलती लेक सुनीता नांदेडला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, बारसं झालं. पंगती उठल्यावर अप्पा झोपाळ्यावर बसले आणि नातीला मांडीवर घेतलं. दोन झोके झाले, अप्पांची मान पडली, हात सैल झाले आणि पोर मांडीवरून घसरली. अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, समोरच भांडी आवरत होत्या. त्यांनी पातेलं टाकलं आणि पोरीला झेललं. बाळाला काही झालं नाही. पण सुनीता पांढरी पडली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही आधी नीट झोपा. मग घ्या तिला."

त्यानंतर अप्पा नांदेडला गेले की बाळाशी लांबूनच बोलायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. म्युझियममध्ये वस्तू बघतात तसे.

निदान आमच्या आंदोलनात झालं. याचं श्रेय चळवळीला मिळालंच पाहिजे, कारण बाकी मागण्या अजून प्रलंबित आहेत. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून आम्ही धरणं धरलं होतं. संख्या वाढवायला मी अप्पांना बळेच आणून पहिल्या रांगेत बसवलं. ते घरून भरपेट सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, खाऊन आले होते. अर्ध्या तासात आडवे झाले. घोरणं चढत गेलं, चढत गेलं आणि एकदम बंद. तोंड उघडं, छाती हलेना, ओठ काळपट. बंदोबस्तावरच्या हवालदाराला वाटलं, उपोषणवाला गेला. त्यानं गाडी बोलावली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: उपोषणकर्त्याची प्रकृती खालावली. उपोषण नव्हतंच हो! त्या माणसाच्या मिशीला शेंगदाण्याचा कूट होता!

पण दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई हुशार निघाल्या. अप्पा तिथल्या खाटेवरही झोपले होतेच. त्या मोबाइलमधलं घड्याळ लावून शेजारी उभ्या राहिल्या. श्वास थांबला, सुरू झाला, परत थांबला. त्यांनी काकूंना विचारलं, "घरी पण असंच होतं?"

"रोजचं हाय बाई," काकू म्हणाल्या. "गिरणी चालू असली की मी झोपते. बंद पडली की उठून बसते. ढोसलं की परत चालू होते."

मग तपासणी झाली. अंगभर वायरी लावून अप्पांना एक रात्र झोपवलं. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घसा आतून मिटतो, हवा अडते, जीव घाबरून जागा होतो, परत झोपतो, परत अडतो. रात्रभर हेच. अप्पा वीस वर्षं झोपलेच नव्हते! आणि आम्ही त्यांना झोपाळू म्हणत होतो. माझं डोकं असं तडकलं की मी त्याच रात्री 'घोरणं म्हणजे सुख नव्हे' हे चार पानी पत्रक लिहून काढलं.

उपाय म्हणजे सीपॅप. डब्याएवढं मशीन, एक नळी, नाकावर मास्क. मशीन रात्रभर हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सवय होईपर्यंत दिवसासुद्धा लावून बसत जा. अप्पा संध्याकाळी मास्क लावून ओट्यावर बसायला लागले. गल्लीतली सगळी पोरं जमली.

"अप्पा, हे काय हाय?"

"इमान चालवून राहिलो. लांब सरका, पंखा लागंल."

विनोद ओट्यावर चालायचा, गादीवर नाही. पहिल्या रात्री मास्क पलंगाखाली सापडला. दुसऱ्या रात्री काकूंच्या उशाला. तिसऱ्या रात्री वीज गेली आणि अप्पा ओरडत उठले, "नरडं दाबून राहिलं कुणीतरी!" मी सकाळी वीज कार्यालयात अर्ज घेऊन हजर. साहेब म्हणाले, "झोपायला वीज लागते? असा अर्ज पहिल्यांदाच बघतोय." मी म्हटलं, "दिवसा जागं राहायला लागते, असं समजा." त्यांनी अर्जावर शिक्का मारला. वीज त्या रात्रीही गेली. शेवटी अप्पांनी दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला.

आठव्या दिवशी मशीनचा लाल दिवा लागला आणि हवा येईना. अप्पा वैतागले. "मोर्चा, हे गुंडाळून ठेव. माझ्या नशिबात झोप न्हाई आन् नातबी न्हाई."

मी नांदेडच्या मशीनवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, मागची जाळी काढून दाखवा. काढली. जाळी करड्या पुडीनं गच्च भरली होती.

"काका, यात राख कशी गेली?" त्यानं विचारलं.

अप्पा काकूंकडे बघायला लागले. काकू देव्हाऱ्याकडे. मी खोलीभर नजर फिरवली आणि सगळं कळलं. घर लिंगायतांचं. नवी वस्तू आली की आधी पूजा. मशीनला भस्माचे तीन पट्टे ओढलेले, आणि एकदा नाही, रोज सकाळी, चिमूट चिमूट. खोलीत विजेचा प्लग एकच, तोही देव्हाऱ्याशेजारी. म्हणून मशीन देव्हाऱ्याच्या खाली, धुपाच्या तोंडाशी. वर अप्पा रात्री झोपताना कपाळाला भस्म लावणार, ते नाकापर्यंत उतरणार, त्याच्यावर मास्क बसणार आणि कडेनं हवा फुसफुस निसटणार. यंत्र बिचारं आठवडाभर भक्तिभावानं राख ओढत होतं.

मी भाषणाच्या तयारीत होते. विज्ञाननिष्ठा वगैरे तोंडात आलं होतं. तेवढ्यात अप्पा काकुळतीला आले. "मग आता देव हलवू का मशीन हलवू?"

काकूंनी एका वाक्यात निकाल दिला. "देव काय श्वास घेत न्हाईत. मशीन घेतंय. मशीन हलवा."

असं वाक्य माझ्या चार पानांत एकही नव्हतं.

लांब वायर आणली, नवी जाळी बसवली, भस्म सकाळच्या अंघोळीनंतर लावायचं ठरलं. मशीनच्या टाकीत बोअरचं पाणी घातलं तर पांढरा थर धरतो, म्हणून अप्पा बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे कॅन आणायला लागले. दुकानदार म्हणायचा, "अप्पा, गाडी घेतली का?" अप्पा छातीवर हात ठेवायचे. "जुनीच हाय. बॅटरी डाऊन व्हती."

आणि मग एका पहाटे आमच्या दारावर थाप. मी धडपडत उठले. दारात अप्पा, अंगात बनियन, गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, डोळे लख्ख.

"मोर्चा! ऊठ! मी झोपलो व्हतो!"

"मीपण झोपले होते, अप्पा!"

"तसं न्हाई गं! अंथरुणावर पडलो आन् एकदम सकाळ! मधलं कायबी न्हाई! डोकं दुखंना! आन् सपान पडलं मला, सपान! उदगीरच्या यात्रंत मी जिलबी खाऊन राहिलो व्हतो!"

मागून काकू आल्या. त्यांचे डोळे मात्र सुजलेले. "ह्यांचा आवाजच न्हाई. मी रातभर नाकाशी हात धरून बसले, श्वास हाय का गेला म्हणून."

त्यानंतर अप्पा जे जागे झाले ते गल्लीला आवरेनात. तासाभराच्या सांत्वनात ते आता उलटतपासणी घ्यायला लागले. ज्यांच्या घरी अर्धी नावं होती त्यांच्या घरी कोरायचं मशीन घेऊन हिंडले. बऱ्याच जणांनी नावं पुरी करून घेतली. मंगलनं मात्र डबा दिला नाही. म्हणाली, "राहू द्या अप्पा, भांडी बदलली तर ह्याच रेघंवरून ओळखते मी." आणि माझी पत्रकं! इतकी वर्षं मी त्यांना देत होते, ते "वाचून राहिलो" म्हणत होते. आता त्यांनी खरंच वाचलं. "चार पानांत सतरा उद्गारचिन्हं हायेत पोरी. एवढं वराडत्यात का? माणूस दचकून पान टाकतंय." मी रागावले. मग घरी जाऊन मोजली. सतराच होती.

गेल्या महिन्यात अप्पांनी मशीनमधला दोन महिन्यांचा अहवाल छापून घेतला. रोज किती तास झोपले, श्वास किती वेळा अडला, सगळं. त्याला लॅमिनेशन केलं आणि म्हणाले, "चल नांदेडला. सुनीताला दाखवायचंय." मला तिथं दुपारी बैठक होतीच. एसटीत बसलो. पूर्वी त्यांना कंडक्टर उठवायचा. या खेपेला त्यांनी मला झोपू दिलं नाही. "चाकूर एवढं जवळ हाय?" "अहमदपूरला गाडी इतका वेळ थांबती?" "अगं, लोहा आलं बघ!" शेजारचा प्रवासी मला म्हणाला, "पहिल्यांदाच येतात का?" मी म्हटलं, "वीस वर्षं येतात."

सुनीतानं कागद वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला. मग आत गेली, आठ महिन्यांच्या लेकीला उचलून आणलं आणि अप्पांपुढे धरलं.

"घ्या अप्पा."

अप्पांनी घेतलं नाही. हात पुढे आले आणि अर्ध्यावर थांबले. मला म्हणाले, "मोर्चा, तू हितं बस. माझ्यासमोर. डोळे मिटले तर लगेच पोरीला घे. बोलू नगंस, नुसतं घे."

"अप्पा, आता नाही मिटायचे."

"बस म्हणलं ना."

मी बसले. सुनीतानं पोर त्यांच्या कुशीत ठेवली. पोरीनं अप्पांची मिशी ओढली, चष्मा ओढला आणि थोड्या वेळानं त्यांच्या दंडावर गाल टाकून झोपली. अप्पा हलेनात. माझ्या बैठकीची वेळ आली, फोन दोनदा थरथरला. तेवढ्यात अप्पांनी हळूच एक बोट पोरीच्या नाकाशी नेलं आणि तिथेच धरलं.

मी कुजबुजले, "काय करताय?"

"चालू हाय का बघून राहिलो."

"अप्पा, लहान लेकरं अशीच निवांत झोपतात."

"हाव," अप्पा म्हणाले. "मलाबी समदे असंच म्हणायचे."

मी फोन बंद करून बाजूला ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसले. सुनीतानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. ते डोळे मिटले नाहीत.