नानांचा विंच

दोर दिसला की नाना तो ओढून बघायचे. मग तो विहिरीचा असो, झोक्याचा असो, नाहीतर मांडवाचा. ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, तर नानांनी मधूनच हात घालून पाळण्याच्या दोरीला दोन हिसके दिले आणि "धरी ठेवस," म्हणजे धरून ठेवते, असं प्रशस्तिपत्रक देऊन टाकलं. एरंडोलच्या एका लग्नात मात्र त्यांनी मांडवाचा दोर तपासला आणि नवरदेवाकडची अख्खी पंगत कापडाखाली गेली. नाना म्हणाले, "बरं झालं आत्ताच कळलं." वधूपित्याला ते बरं वाटलेलं दिसलं नाही.

नाना जळगावच्या आमच्या ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावर बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांच्या मालकीच्या गोष्टी दोन. लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जुनी जीप, आणि एरंडोलच्या पुढे वडिलोपार्जित जमिनीतला निम्मा वाटा. या दोन गोष्टींचं आपसात जमत नव्हतं. नानांच्या वाट्याच्या आधी एक नाला लागायचा, तिथे काळी माती, आणि पावसाळ्यात जीप दर खेपेला त्यात रुतायची.

नाल्याच्या अलीकडचा निम्मा वाटा नानांच्या थोरल्या भावाचा, आबांचा. विहिरीवरच्या इंजिनावरून दोघांचं काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. पण जीपच्या इंजिनाचा आवाज चढला की आबा बैलजोडी घेऊन नाल्यावर यायचे. नाना बंपरला दोर बांधायचे, बैल जीप ओढून काढायचे, नाना डब्यातला गूळ काढून बैलांना चारायचे. बोलायचं झालं तर दोघंही बैलांशी बोलायचे. "लाल्या, त्याले सांग, चाक डावीकडे ने." "लाल्या, त्याले सांग, माले समजस." लाल्या बिचारा गुळाकडे बघत उभा असायचा.

एकदा आबा म्हणाले, "चाल लाल्या, साहेबनी गाडी परत फसनी." नानांना ते 'साहेब' लागलं. सोमवारी ऑफिसात येऊन त्यांनी जाहीर केलं, "बापू, आता कोणाचे उपकार नकोत. मी जीपला विंच बसवणार."

बापू म्हणजे मी. विंच म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवायचं दोराचं रहाटगाडगं. समोरच्या झाडाला दोर अडकवायचा, रीळ फिरवायचं, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. हे मला तेव्हा कळलं, आणि त्यानंतर माझे रविवार संपले. मी थकलेला माणूस आहे, तेव्हाही होतो. आठवडाभर टेबलावर मान मोडायची आणि रविवारी भंगार बाजारात ग्रीसमध्ये हात घालायचे, हे माझ्या बायकोला कधी पटलं नाही. "दुसरं कोणी नाही का त्यांना?" ती विचारायची. खरं म्हणजे नव्हतं.

विंच परवडणारा हवा आणि भरवशाचा हवा, एवढीच नानांची अट होती. पण दोन्ही एका ठिकाणी सापडू नयेत अशी काळजी बहुधा तेच घेत होते. धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात बिघडलेले ट्रक ओढायच्या गाडीचा विंच निघाला होता. स्वस्त होता, ट्रक ओढणारा होता. नाना त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "वढतस त बठ्ठाच. धरी ठेवस का?" ओढतात तर सगळेच, धरून ठेवणारा हवा, असा त्याचा अर्थ. गॅरेजवाला म्हणाला, हत्ती बांधा. तर नाना म्हणाले, "हा पुढे बसवला तर माझ्या जीपची मागची चाकं वर उचलली जातील." ते खरंही होतं. आम्ही एसटीने परत आलो.

जळगावच्या एका दुकानदाराने मुंबईहून विजेवर चालणारा विंच आणला. बटण दाबलं की रीळ गरगर फिरायचं. मला तो फार आवडला, कारण मला घरी जायचं होतं. नाना म्हणाले, "चाकं रुतल्यावर जीपची बॅटरी अर्धी पाण्यात असते, मग बटण दाबून काय करायचं?" पुढे जिनिंगमधली कापसाच्या गाठी उचलायची चेनपुली पाहिली. तिचा भरवसा होता, पण साखळी वावभर, पसरल्या दोन हातांएवढी. "दर वावेला झाड कुठून आणू?" नाना म्हणाले. कशाचा गंज नडला, कशाचे दाते, कशाचा दोर. गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी ओढ हवी, चिखल आपला हिस्सा मागतोच, हे त्यांचं गणित मला झोपेतही पाठ झालं.

शेवटी धुळ्यातच रशीदभाई भेटले. विहिरीतला गाळ काढायच्या याऱ्या बनवणारा हा कारागीर. त्यांनी यारीच्याच धर्तीवर हाताने फिरवायचा छोटा विंच करून दिला. जाड रीळ, तारेचा दोर, दातेरी चाक आणि दात्यात अडकणारी खिटी. हँडल फिरवाल तेवढा दोर गुंडाळला जायचा आणि खिटी तो मागे सुटू द्यायची नाही. नानांनी परीक्षा घ्यायची म्हणून दोराला फळी टांगली, फळीवर दगड ठेवले, दगडांवर मला बसवलं, वर चढवलं आणि ते रशीदभाईंबरोबर चहा प्यायला गेले. मी धुळ्याच्या भर बाजारात लोंबकळत होतो. येणारे-जाणारे वर बघून विचारत होते, काय झालं. चहा सावकाश झाला. खिटी तसूभर हलली नव्हती.

"नाना, एक बात याद रखो," रशीदभाई मला उतरवताना म्हणाले. "खिटी उठाने से पहले हँडल निकालना. नही तो हँडल उलटा घूमेगा और हाथ तोड देगा."

नानांनी विंच खालून-वरून पाहिला. खोट काही सापडेना. "रंग हिरवा आहे," एवढंच ते म्हणाले. रशीदभाई म्हणाले, लाल लावून देतो. पैसेही नानांना झेपतील असेच होते. मग नाइलाज झाला. मनासारखी वस्तू मिळालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो हे मला त्या दिवशीच दिसायला हवं होतं, पण माझी पाठ फार दुखत होती.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही शेतावर गेलो. जीप रुतली. नानांनी तारेचा दोर पलीकडच्या काठावरच्या बाभळीला अडकवला, गिअर मोकळा केला आणि मला हँडलवर उभं केलं. मी फिरवत राहिलो, खिटी टकटक वाजत राहिली आणि जीप खरोखरच इंचाइंचाने वर चढायला लागली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. नानांनाही ते दिसतंय का हे बघायला मी मान वर केली, तर नाना मागच्या काठाकडे बघत होते.

आबा आले होते. आवाज ऐकून नेहमीप्रमाणे बैल जुंपून, खांद्यावर दोर टाकून आले होते. काठावर उभे राहून त्यांनी विंच पाहिला, बाभळीपर्यंत ताणलेली तार पाहिली. मग लाल्याच्या मानेवर हात ठेवून हळूच म्हणाले, "चाल लाल्या, घर चाल. आते आपलं काम नई शे आठे." त्यांनी बैल वळवले.

"थांब बापू," नाना म्हणाले. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, हँडल उपसून बगलेत धरलं, आणि खाली वाकून दगडाने खिटी ठोकून वर उडवली. रीळ भर्रकन उलटं फिरलं. माझी पाऊण तासाची मेहनत घेऊन जीप मागे घसरली आणि आधीपेक्षा खोल रुतली.

"लाल्या," नाना ओरडून म्हणाले. "लाल्या, त्याले सांग. हाऊ विंच काही धरी ठेवत नई."

आबा थांबले. बैल घेऊन खाली उतरले. त्यांनी जीपकडे पाहिलं, विंचकडे पाहिलं, नानांच्या बगलेतल्या हँडलकडे जरा जास्त वेळ पाहिलं. यारीवर जन्म काढलेला शेतकरी तो, त्याला काय कळायचं ते कळलं. त्यांनी खांद्यावरचा दोर काढून नानांच्या हातात दिला. नानांनी तो हिसका देऊन तपासला आणि बंपरला बांधला.

जीप निघाली. नानांनी गुळाचा डबा काढला. लाल्याला त्यांनी दोन खडे जास्त भरवले. आबा बैलाच्या पाठीवरचा चिखल पुसत म्हणाले, "लाल्या, त्याले सांग, घर चहा ठेयेल शे."

दोघं बैलांच्या दोन बाजूंनी चालत गेले. मी मागून. चहाला कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्यांदा चहा झाला.

पुढच्या रविवारी सकाळीच दारात जीपचा हॉर्न वाजला. जीपच्या तोंडाशी विंच होता, ग्रीस लावून चकचकीत केलेला. हँडल मात्र काढून ठेवलेलं होतं. "बापू, चल धुळ्याला," नाना म्हणाले. "हा काही खरा नाही. दुसरा बघू या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या आणि जीपमध्ये जाऊन बसलो.