दोडक्याची मच्छरदाणी

हिवतापाच्या परीक्षेत पुष्पांजलीला वीसपैकी वीस गुण मिळाले, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात आरोग्य केंद्राच्या या परीक्षेला अठ्ठावीस आया बसल्या होत्या. हिवताप कोणत्या डासामुळे होतो, मादीच का चावते, ती अंडी कुठं घालते, हे पुष्पांजलीनं भराभरा लिहिलं. तो डास भिंतीवर तिरका बसतो, हे तर तिनं पेपर दिल्यावर भिंतीला डोकं टेकवून, स्वतः तिरकं होऊन दाखवलं. शेजारच्या शालूताईंना दोन गुण मिळाले. हिवताप कच्चे पेरू खाल्ल्यानं होतो, असं त्यांचं उत्तर होतं. दोन गुण नाव आणि गाव बरोबर लिहिल्याचे.

मंगळवारी सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई धम्मशीला धावतच आली. "पुष्पा, उद्या अकरा वाजता डॉक्टर मॅडम तुह्या घरी येऊन राह्यल्या! पुण्याहून नवीन आल्या त्या. पहिल्या नंबरची माय लेकराले मच्छरदाणीत कशी निजवते, त्याचा फोटो काढतील. तालुक्याच्या दवाखान्यात लागते थो फोटो."

"माह्याच घरी काऊन?"

"मंग काय पेरूवालीच्या घरी जातील? मच्छरदाणी आहे न? मीच तर देल्ली होती."

"हाव, आहे न," पुष्पांजली म्हणाली.

खोटं नव्हतं. मच्छरदाणी होती. परसात होती.

मेथीच्या वाफ्यात कोंबड्या शिरतात म्हणून सासूबाई अन्नपूर्णाबाईंनी ती चार काठ्यांवर ताणली होती, फक्त दोन दिवसांसाठी. त्याला आता तीन महिने झाले होते. मेथी केव्हाच खाऊन संपली. पण वाफ्याच्या कडेला दोडक्याचा वेल उगवला आणि त्याला आयता मांडव मिळाला. वेलाचे ताणे जाळीच्या छिद्राछिद्रातून गेले होते. छिद्र लहान पडलं तिथं वेलानं ते मोठं करून घेतलं होतं. पुष्पांजलीनं एक कोपरा हळूच ओढून पाहिला. सगळा वेल हलला.

"माह्या दोडक्याले हात लावशील तर पाह्य!" आतून आवाज आला.

"आई, उद्या मॅडम येतात."

"मंग त्यायले दोडके दाखव. पुण्यात असे भेटतात का?"

"सोहमले मच्छर चावतात, आई. मादी चावते, तिच्या सोंडेतून..."

"मले नको सांगू वं. चाळीस वर्षं मच्छर मारून राह्यली मी. नर का मादी, कोणालेच इचारलं नाई."

पुष्पांजलीनं दोडके मोजले. तेवीस होते. ते उपटून काढायची तिची हिंमत झाली नाही. वीसपैकी वीसची लाज आता एकाच ठिकाणी वाचणार होती. ती शालूताईंकडे गेली. त्यांच्या कौलारू घरात मच्छरदाणी रोज बांधलेली असे.

"उद्या सकाळी घेऊन जाय," शालूताई म्हणाल्या. "पण सांजेले वापस आण बरं. आमच्या कवेलूतून पाल पळते. पाल आंगावर पळली का माही सासू तिथल्या तिथं डोक्यावरून आंघोळ कराले लावते. मांगच्या हिवाळ्यात चारदा न्हाली मी, थेही थंड्या पाण्यानं! मच्छरदाणी बांधली तवापासून एकदाही नाई."

बुधवारी अकराला धम्मशीलासोबत डॉक्टर हिमानी आल्या. पलंगावर मच्छरदाणी, आत वर्षभराचा सोहम. मॅडमनी जाळीवरचे लाल दोऱ्याचे रफू निरखून पाहिले. "छान! रोजच्या वापरातली दिसते," म्हणत त्यांनी मोबाईल वर केला.

तेवढ्यात सोहमनं भोकाड पसरलं. त्यानं जन्मात पहिल्यांदाच आतून मच्छरदाणी पाहिली होती. त्याच क्षणी डोळे चोळत शालूताईंची तीन वर्षांची भार्गवी दारातून आली. तिची झोपायची वेळ झाली होती. तिनं सराईतपणे जाळीची कड उचलली, आत शिरली, कड आतून गादीखाली खोचली आणि सोहमला पायानं बाजूला सारून झोपली.

"ही कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"शेजारची," पुष्पांजली पुटपुटली.

"मग हिला तुमच्या मच्छरदाणीची एवढी सवय कशी?"

"माही आहे," डोळे मिटूनच भार्गवी म्हणाली.

पाठोपाठ मुलीला शोधत शालूताई आल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

"तुम्ही रोज वापरता?" मॅडमनी त्यांना विचारलं. "हिवतापाच्या भीतीनं?"

"नाई वो. पाल पळते न."

"पळते तर पळू द्या. त्यात काय?"

"पळू द्या? आंगावर?" शालूताई हादरल्या. "मंग आंघोळ तुमी करसान का?"

"मॅडम," धम्मशीलानं हळूच सांगितलं, "त्या 'पडते' म्हणून राह्यल्या."

मॅडमना हसू आवरेना. "आणि पुष्पांजलीताई, तुमची कुठे आहे?"

अन्नपूर्णाबाईच अभिमानानं पुढं झाल्या. "चला न, मांगं आहे."

परसात मॅडमनी मांडवाखाली जाऊन दोडके मोजले. मग त्यांनी तक्ता काढला. 'मच्छरदाणीखाली कोण झोपते?' या रकान्यात त्यांनी लिहिलं : दोडके, तेवीस.

"मले सगळं माहीत होतं, मॅडम," पुष्पांजली रडवेली होऊन म्हणाली.

"माहीत आहे. पेपर मीच तपासलेत. चूक प्रश्नपत्रिकेची आहे. मच्छरदाणीचं काय करायचं हे घरात कोण ठरवतं, तेच आम्ही विचारलं नाही." त्यांनी गाडीतून नवी मच्छरदाणी आणून तिच्या हातात दिली. फोटो भार्गवीचा काढला.

गाडी गेल्यावर अन्नपूर्णाबाईंनी नवी जाळी बोटांत चोळून पाहिली. "कारल्याले बरी होईन."

मादी डासाबद्दल सांगायला पुष्पांजलीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती मान वर करून छपराच्या कवेलूंकडे पाहू लागली.

"काय पाह्यतं वं?"

"काई नाई, आई. दोन पाली बसल्या. बरोब्बर तुमच्या उशीच्या वरच्या कवेलूले."

अन्नपूर्णाबाई ताडकन उठल्या. "मंग उभी काऊन? बांध लवकर! अन् कड नीट खोच. मीबी सोहमसंग याच्यातच निजीन."

पुष्पांजलीनं चारही दोऱ्या खिळ्यांना पक्क्या बांधल्या. वर एकही पाल नव्हती.