टिकलीचं बटण

मालिनीताई रोज सकाळी एक पान रामनाम लिहिल्याशिवाय पाण्याखेरीज काही घेत नसत. मनगट दुखू लागलं तसं हे लिखाण कॉम्प्युटरवर आलं. पण तो इंग्रजीत उघडायचा, आणि मराठी आणायला तीन बटणं एकदम दाबावी लागायची. सून शलाकाने ते काम वरच्या रांगेतल्या एकाच बटणावर आणलं आणि त्यावर लाल टिकली चिकटवली. "आई, टिकली दाबली की मराठी." हेंद्रेपाड्यातल्या त्या घरात वर्षभर काही तक्रार नव्हती.

दसऱ्याला शलाका माहेरी वांगणीला गेली. इकडे मालिनीताईंच्या यजमानांनी, महिपतरावांनी, पूजेला मिक्सर, पाना आणि कीबोर्ड मांडला. कीबोर्ड स्वच्छ पुसला आणि कुणी रुसू नये म्हणून एकेका बटणाला कुंकू लावलं.

मालिनीताई जपाला बसल्या आणि थबकल्या. "अहो, इथली टिकली?"

"मला वाटलं तुझीच पडली. आरशाला लावली."

त्यांनी घाईने शलाकाला फोन लावला. "अगं, मराठीचं बटण कुठलं?"

"टिकलीचं, आई."

"इथे सगळ्याच सवाष्णी झाल्यात!"

"अय्या! मीपण टिकलीच बघायचे हो. बाबांना म्हणावं, एकेक ट्राय करा."

महिपतरावांनी ट्राय केलं. पहिल्या बटणाने आवाज बंद झाला, दुसऱ्याने पडदा काळवंडला, तिसऱ्याने जपाचं पान दिसेनासं होऊन कसंबसं परत आलं.

"हात काढा! वर्षाचा जप आहे त्यात."

"मग कुंकू पुसून बघतो, काही खूण दिसते का."

"सणाचं कुंकू पुसतात होय?"

पान झाल्याशिवाय नैवेद्य नव्हता, आणि नैवेद्याआधी श्रीखंडाला हात लावायची सोय नव्हती. महिपतरावांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. मग टेबलफॅन कीबोर्डकडे वळवला आणि फुल केला.

"अहो, हे काय!"

"उकडतंय."

लाल ढग उठला. खाली बसला तेव्हा सगळी बटणं काळी झाली होती. वरच्या रांगेत एकच लालभडक राहिलं होतं. टिकलीच्या गोंदाने कुंकू सोडलं नव्हतं. मालिनीताईंनी ते हलकेच दाबलं आणि टाइप करून पाहिलं. पडद्यावर 'राम' उमटला.

"पुसलं नाही हं मी," महिपतराव म्हणाले. "वारा आला."

पान पुरं करून मालिनीताईंनी मान वर केली. उरलेलं सगळं कुंकू यजमानांच्या घामेजलेल्या टकलावर बसलं होतं. त्यांनी तिथेही बोट टेकवलं.

"इथे दाबलं की काय येतं?"

"श्रीखंड," महिपतराव म्हणाले आणि पाट मांडायला उठले.