अंध चाचणीला दोन माणसे लागतात

शिंगाने फरक पडतो की नाही, हे एकदाचे मोजून टाकावे, असा निर्णय मी रविवारी सकाळी नऊ वाजता घेतला. दुपारी साडेतीनपर्यंत, अठ्ठावीस वर्षे संख्याशास्त्र शिकवून जमवलेली माझी सगळी पुण्याई संपलेली होती.

शिंगाचे आधी सांगते. राजूरच्या अलीकडे, डोंगरउतारावर आमची वीस गुंठे द्राक्षबाग आहे. तिच्या रसाची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, आम्ही फेसाळती वाईन करतो. (परवान्याची फाइल स्वतंत्र असून ती बागेपेक्षा मोठी आहे.) माझे यजमान राधाकृष्ण बायोडायनॅमिक पंथाचे. गाईच्या शिंगात शेण भरून ते थंडीभर जमिनीत पुरायचे, मग त्यातले चिमूटभर पाण्यात टाकून तासभर ढवळायचे, कधी उजवीकडून, कधी डावीकडून, आणि ते पाणी चंद्र पाहून वेलींवर शिंपडायचे. माझा यावर विश्वास नाही. म्हणून सोळापैकी आठ ओळी मी तुलनेसाठी साध्या ठेवल्या आहेत. राधाकृष्ण मात्र या शास्त्राची शिबिरे घेत देशभर हिंडतात. त्यामुळे विश्वास त्यांचा आणि ढवळणे माझे, अशी विभागणी आहे. गेल्या वर्षी ते एकूण एक्केचाळीस दिवस घरी होते. (बेचाळिसावा वादग्रस्त आहे. ते दारात आले तेव्हा तो दिवस संपायला दहा मिनिटे उरली होती.)

त्या रविवारी फोनवर त्यांनी नेहमीप्रमाणे चंद्राची चौकशी केली. माझी केली नाही. मी म्हणाले, "बाटली न बघता चाखून मला फरक कळला नाही, तर शिबिरं बंद करून घरी यायचं. कबूल?"

"आणि कळला तर?"

"सोळाच्या सोळा ओळी शिंगाच्या."

"कबूल. पण गुण खरे द्यायचे हं, अश्विनी."

हे मला सांगावे लागते?

अडचण पुढे आली. अंध चाचणीला दोन माणसे लागतात: एक ओतणारे, एक चाखणारे. पाठ्यपुस्तकात हे एका वाक्यात उरकलेले असते. घरात दुसरे माणूस कोठून आणायचे, याबद्दल पाठ्यपुस्तक मौन पाळते. मी डोळ्यांना ओढणी बांधून स्वतःच ओतून पाहिले. (कोणती बाटली उचलली, हे मला ठाऊक होते.) ताटात दोन पेले ठेवून ताट गरगर फिरवले. (एक पेला फुटला, उरलेला कोणता, हेही मला ठाऊक होते.)

रिकाम्या बाटल्यांचे खोके घेऊन टेम्पोवाले चांदभाई आले, तेव्हा त्यांना विचारले.

"मॅडम, खोकी माळ्यावर चढवून देतो. पन ओतायला नका सांगू. आमच्यात पाप हाय."

राहिल्या गोजरबाई. त्या धुणीभांडी करतात आणि गळ्यात तुळशीची माळ आहे.

"म्या हात न्हाई लावनार. फडक्यानं धरीन."

"चालेल. लाल दोऱ्याची बाटली शिंगाची, पांढऱ्या दोऱ्याची साधी. लोट्यात सहा चिठ्ठ्या आहेत, तीन लाल, तीन पांढऱ्या. प्रत्येक वेळी एक काढायची, बघायची, क्रमाने डब्यात ठेवायची आणि मला पेला आणून द्यायचा. काही बोलायचं नाही."

"काईच न्हाई?"

"वाईनबद्दल नाही."

मी ओटीवर टेबल मांडून बसले. पहिला पेला आला. मी घोट घेऊन तस्तात थुंकणार, तोच गोजरबाई ओरडल्या, "घरात थुकायचं न्हाई! लक्षुमी हाय घरात!"

म्हणून गिळले. चार गुण दिले. दुसऱ्याला पाच. तिसऱ्या पेल्याबरोबर गोजरबाई दारात टेकल्या आणि त्यांच्या जावेने गवारीत गूळ किती घातला, ते सांगू लागल्या. सहा गुण. चौथ्याला सात. पाचव्याला नऊ, आणि सहाव्याला, निःशंक मनाने, दहा. जावेचा स्वभावही एव्हाना मला स्पष्ट कळला होता.

डबा उघडला. पांढरी, पांढरी, लाल, पांढरी, लाल, लाल. सरासरी काढली. लाल बरोबर तीन गुणांनी वरचढ होती.

म्हणजे चंद्र खरा होता आणि राधाकृष्ण घरी येणार नव्हते. अशा वेळी कोणी वेगळे गुण कळवले असते. मी फोन लावला. (मी पूर्ण शुद्धीवर होते, फक्त नंबर तीनदा चुकला.)

"तुम्ही जिंकलात."

"बघ! मी सांगत होतो! मग ओडिशाच्या शिबिराला आत्ताच होकार कळवतो."

पेले ठेवायला आत गेले. ओट्यावर पांढऱ्या दोऱ्याची बाटली रिकामी होती. लाल दोऱ्याच्या बाटलीवर बूच, बुचावर तार, तारेवर मेण, सर्व जसेच्या तसे.

"गोजरबाई, ही उघडली नाही?"

"न्हाई. ती पांढरी उघडली तर फसाफसा उतू लागली. म्हटलं, हीच आवरंना, दुसरी कशाला फोडू? मळा तर एकच हाय."

"आणि चिठ्ठ्या?"

"काढल्या की! परत्येक टायमाला. तुमी सांगितलं तसं."

मी पुन्हा फोन लावला. सहाही पेले एकाच बाटलीतले. त्यांना मी चारपासून दहापर्यंत गुण दिले. अर्थात मला काहीही कळत नाही. आयुष्यात प्रथमच हे वाक्य मी आनंदाने उच्चारले.

"पण लाल तू चाखलीच नाहीस," राधाकृष्ण म्हणाले. "मग फरक नाही, असं कसं म्हणतेस? चाचणी रद्द. पुढच्या हंगामात घे. आणि ओडिशाला कळवून झालंय गं."

मुद्दा बिनतोड होता. संसारात त्यांनी माझ्याकडून एवढेच उचलले आहे.

गोजरबाई पेले विसळत ऐकत होत्या. "सायेब येत न्हाईत व्हय?"

"नाही."

"मंग येवढं समदं त्येंच्यासाठीच हुतं का? आवं, फोन करून 'या घरी' म्हनायचं की सरळ! त्येला चिठ्ठ्या कशापायी?"

हा पर्याय माझ्या आराखड्यात नव्हता. त्या गेल्यावर मी राधाकृष्णांना संदेश लिहिला. चाचणी रद्द समजावी. माझ्या जिभेची चूक सहा गुणांपर्यंत जाते. छाटणी सोमवारपासून आहे. घरी या.

दोन मिनिटांत त्यांच्याकडून अंगठा आला. तो चारपैकी कोणत्या वाक्याला आहे, याची चाचणी कशी घ्यावी, ते अद्याप मला सुचलेले नाही.